मिनिटसाहेबांचा थांबा

डॉक्टरांनी नळी काढली आणि "झालं, आता तुम्ही मोकळे," असं म्हटलं. पुढच्या अर्ध्या मिनिटात मिनिटसाहेब खरोखरच मोकळे झाले. तपासणीच्या टेबलाशेजारी, उभ्या उभ्या, नव्या कोऱ्या पायमोज्यांसकट.

तसं पाहिलं तर सगळं उत्तम चाललं होतं. गाठ साधी निघाली होती, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली होती आणि पत्नीने दोन रात्रींनंतर पहिल्यांदाच पोटभर जेवण केलं होतं. डॉक्टर, नर्स आणि पत्नी या तिघांनीही एकाच सुरात सांगितलं की काही आठवडे असं व्हायचंच, लघवीवरचा ताबा हळूहळू परत येतो. मिनिटसाहेबांना त्यातला 'हळूहळू' मुळीच आवडला नाही. हळूहळू म्हणजे नक्की किती वाजता, असं त्यांना विचारायचं होतं. पण पायमोजे ओले असताना माणसाला जाब विचारण्याचा अधिकार राहत नाही.

मिनिटसाहेब हे नाव त्यांना डेपोने ठेवलं होतं. बसस्थानकात फलाटांच्या मधोमध काचेची एक उंच केबिन होती. तिच्यात ते एकतीस वर्षं बसत आले होते. गाड्यांची वेळापत्रकं तेच बनवत आणि तेच पाळायला लावत. एखादा ड्रायव्हर "आलोच पाच मिनिटांत" म्हणाला की साहेब विचारत, "चार की सहा?" गाडी उशिरा सुटली तर ते रागवत, पण वेळेआधी सुटली तर लेखी मेमो देत. उशिरा सुटणं हा दोष आणि वेळेआधी सुटणं हा गुन्हा, असं त्यांचं ठाम मत होतं. आता तोच गुन्हा दिवसातून सात-आठ वेळा घडत होता आणि मेमो कुणाच्या हातात द्यावा ते कळत नव्हतं.

रजा आठ आठवड्यांची होती. ती नीट लागली ना, हे विचारायला त्यांनी ऑफिसात फोन केला, आणि तिथेच पहिली माशी शिंकली.

"रजेचं काही नाही हो," हेडक्लार्क म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीच नुकतंच जेवण झाल्यासारखा असे. "पण परत येताना फिटनेस लागेल. केबिनचा नियम आहे ना साहेब. नियंत्रकाने सकाळच्या पाळीत सलग दोन तास जागा सोडायची नाही. तेवढं बसता येतं असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं."

"हा कुठला नियम? कोणी काढला?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "सही तुमचीच आहे."

होती खरी. सात वर्षांपूर्वी थेट गाडीच्या ड्रायव्हरांनी अर्ज केला होता. गाडी दोन तास दहा मिनिटं कुठेही न थांबता जाते, तरी मध्ये दहा मिनिटांचा थांबा मिळावा, निसर्गाची हाक असते. साहेबांनी त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'कारण समाधानकारक नाही. ज्याने त्याने घरून निघताना काळजी घ्यावी.' आणि आपण दुसऱ्याला सांगतो ते स्वतःही करतो हे दाखवायला त्याच दुपारी स्वतःसाठी दोन तासांचा नियम काढला होता. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पत्नीला ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली होती.

"आणि फिटनेस नाही मिळालं तर?" त्यांनी हेडक्लार्कना विचारलं.

"तर सापडलेल्या वस्तूंचा विभाग आहे की. एकट्या छत्र्याच तीनशे आहेत. निवांत जागा आहे. आणि अगदी..." हेडक्लार्कनी आवाज खाली आणला, "अगदी स्वच्छतागृहाला लागून."

मिनिटसाहेबांनी फोन ठेवला. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती तीन वर्षं छत्र्यांमध्ये काढायची, ही कल्पना झटकून टाकायला ते मोठ्याने खाकरले. खाकरायला नको होतं.

फिजिओथेरपिस्ट म्हणून जी मुलगी होती ती त्यांच्या भाचीच्या वयाची होती आणि पहिल्याच वाक्यात तिने त्यांना काका केलं.

"हे बघा काका, मूत्राशयाला सध्या वाईट सवय लागलीय. जरा भरलं की ते आरडाओरडा करतं आणि तुम्ही धावता. आपण त्याला घड्याळ शिकवायचं. सुरुवातीला दर पाऊण तासाने जायचं, लागली असो वा नसो. मधेच घाई झाली तर धावायचं नाही. उभं राहायचं, खालचा स्नायू आवळायचा, लक्ष दुसरीकडे न्यायचं. घाईची कळ येते आणि जाते. दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. आणि उगीच खबरदारी म्हणून मधे जाऊन यायचं नाही."

"खालचा म्हणजे कुठला स्नायू?"

"चारचौघांत वारा सरणार असला की तुम्ही जो आवळता ना, तो."

मिनिटसाहेबांनी छताकडे पाहिलं. छताला एक पंखा होता. पत्नी मात्र वहीत सगळं नीट लिहून घेत होती, कारण ती पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती आणि वर्गात काही सांगितलं की लिहून घ्यायचं असतं हे तिच्या अंगात मुरलं होतं.

"आवळा," मुलगी म्हणाली. "दहापर्यंत मोजा. काका, भुवया नाही आवळायच्या."

एक गोष्ट मात्र त्यांच्या कानात घर करून बसली होती. घड्याळ शिकवायचं. हे आधी सांगितलं असतं तर! संध्याकाळपर्यंत त्यांनी मोठ्या कागदावर पट्टीने रेघा मारून वेळापत्रक तयार केलं. फेरी क्रमांक, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, फरक, शेरा. पहिली फेरी सकाळी सहा, मग पावणेसात, मग साडेसात. कागद संडासाच्या दाराला आतून चिकटवला आणि त्यांना बऱ्याच दिवसांनी हुशारी वाटली.

पहिल्या दिवशी वीस फेऱ्यांपैकी नऊ वेळेआधी सुटल्या. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे कारणं लिहिली. 'नळाचा आवाज.' 'कुलूप उघडताना.' 'शिंक.' 'कारण अज्ञात.' पत्नीने रात्रीच्या जेवणाआधी तो कागद तपासला आणि खाली निळ्या पेनाने लिहिलं, 'प्रयत्न चांगला. सातत्य हवं.' यावरून त्यांच्यात थोडी बोलाचाली झाली. साहेबांचं म्हणणं, सरकारी कागदावर बाहेरच्या माणसाने शेरा मारायचा नसतो.

ही गोष्ट दोघांतच राहिली असती. पण समोरच्या दारात आजोबा राहत होते. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं, चार शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांची कुजबूजही तळमजल्यापर्यंत पोचत असे.

"प्रोस्टेट ना?" त्यांनी जिन्यात अडवून विचारलं. "माझंही झालंय! गळतं का?"

"हळू बोला, आजोबा."

"गळायचंच! मी सांगतो ते करा. पाणीच प्यायचं नाही. टाकीत नसलं तर नळाला येणार कुठून?"

एकतीस वर्षं हिशेबी डोक्याने काम केलेल्या माणसाला हे म्हणणं बिनतोड वाटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी दिवसभरात दोन कप चहा आणि अर्धा पेला पाणी एवढ्यावर भागवलं. परिणाम असा झाला की लघवी जर्द पिवळी झाली, आग व्हायला लागली आणि पाऊण तासाच्या फेऱ्या वीस-वीस मिनिटांवर आल्या. फिजिओथेरपिस्ट मुलीने फोनवर त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पाणी तोडलं की लघवी दाट होते, दाट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं, पाणी नेहमीसारखं प्यायचं, चहा तेवढा कमी करायचा. "कोणी सांगितलं हे तुम्हाला?" तिने विचारलं. साहेबांनी शेजाऱ्याचं नाव सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून जिन्यात पाऊल टाकण्याआधी ते दाराच्या भोकातून बघायला लागले.

त्याचा उपयोग झाला नाही. आजोबांनी प्रकरण मनावर घेतलं होतं. साहेब भाजी आणायला निघाले की वरून आवाज येई, "किती झालं?" आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, ज्याचा या विषयाशी काडीचा संबंध नव्हता, तोही पँटची घडी घालत म्हणे, "तास झाला का हो साहेब? वा!" ज्या माणसाने सगळ्या गावाला वेळ सांगितली त्याची वेळ आता इस्त्रीवाला विचारत होता. साहेबांनी हा अपमान गिळला. खालचा स्नायू आवळून गिळला, त्यामुळे निदान एक व्यायाम तरी झाला.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, पत्नी सोडून. साहेबांनी हसणं बंद केलं होतं. तसे ते फार हसणारे नव्हतेच, पण पत्नी शाळेतल्या गमती सांगू लागली की त्यांना हसू आवरत नसे. आता ती सांगायला लागली की ते उठून खिडकीशी जात. हसलं की दगा होई. तिने मग गमती सांगणंच सोडलं. रात्री जेवताना दोघं गुपचूप जेवत, आणि तिला त्या गळण्यापेक्षा या गप्प बसण्याचं जास्त वाईट वाटत होतं.

पण कागदावर फरक पडत होता. पाऊण तासाचा एक तास झाला, एकाचा सव्वा झाला. शिंकेआधी स्नायू आवळायचा हे अंगवळणी पडलं. घाई झाली की साहेब जागच्या जागी उभे राहत आणि फलाट एकपासून सुटणाऱ्या गाड्या तोंडपाठ म्हणत. फलाट तीनपर्यंत पोचेतो घाई ओसरलेली असे. सहाव्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर पूर्ण दोन तास काढले. पत्नीने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान हलवली.

"याला परीक्षा म्हणत नाहीत. इथून संडासाचं दार दिसतं. दार दिसत असलं की कोणीही बसेल. जिथून उठून जाताच येत नाही अशा जागी बसायला हवं."

"म्हणजे कुठे?"

"थेट गाडीत."

"अहो, वेड लागलंय का? दोन तास दहा मिनिटं. मधे थांबा नाही."

"माहितेय मला," साहेब म्हणाले. "वेळापत्रक मीच केलंय."

कोणी ओळखू नये म्हणून साहेबांनी डोक्याला माकडटोपी घातली. पत्नीच्या पिशवीत जास्तीची पँट, दोन पॅड आणि टॉवेल होता. ड्रायव्हरला सगळे पहिलवान म्हणत. थांब्याच्या अर्जावरची पहिली सही त्याचीच होती, आणि त्याच्या खांद्यांमुळे गाडीचं स्टिअरिंग लहान दिसे. साहेब पायरी चढताच त्याने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "टोपी काढा साहेब, उकडेल."

गाडी सुटली. साहेबांनी सवयीने घड्याळ पाहिलं. वेळेवर, ना मिनिट आधी ना मिनिट नंतर. पहिला तास मजेत गेला. पत्नीने पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा ते नेहमीसारखं पाणी प्यायले, कारण परीक्षा ती परीक्षा. सव्वा तास झाला. शेतं गेली, विटांच्या भट्ट्या गेल्या. मग रेल्वेच्या रुळांवरचा पूल आला आणि खाली रुळांच्या दुतर्फा पाणीच पाणी पसरलेलं होतं. एवढं पाणी डोळ्यांसमोर पाहिल्याबरोबर मूत्राशयाने आरोळी ठोकली.

साहेबांनी आवळलं. फलाट एक, फलाट दोन. फलाट सातपर्यंत पोचले तरी घाई जाईना. त्यांच्या कपाळावर घाम आला. आणि त्यांच्या लक्षात आलं की फक्त त्यांचंच असं नव्हतं. सगळ्या गाडीत चुळबूळ सुरू झाली होती. पुढचे टाय घातलेले गृहस्थ अर्धे उठून समोर बघत होते. मागच्या बाकावरच्या मावशींनी चपला पायात सरकवल्या होत्या. दूर रस्त्याच्या डाव्या हाताला एक पेट्रोलपंप दिसू लागला.

"पहिलवान, आला बरं का पंप," कोणीतरी म्हणालं.

"आज नाही थांबणार," पहिलवान म्हणाला.

"नाही म्हणजे? रोज थांबता!"

"आज साहेब आहेत गाडीत. थांबा नाही असा त्यांचा नियम आहे. लाल शाईत लिहिलंय."

बेचाळीस माना वळल्या. मिनिटसाहेबांनी आयुष्यात बऱ्याच गर्दीला तोंड दिलं होतं, पण ते काचेच्या आतून. "हे का ते?" असं मावशींनी विचारलं, आणि टाय घातलेले गृहस्थ म्हणाले, "घरून निघताना काळजी घ्यावी म्हणे!" हे वाक्य सगळ्या रस्त्याला पाठ होतं तर. पत्नी खिडकीबाहेर बघत होती आणि पिशवी घट्ट धरून बसली होती.

साहेब उठले. हळूहळू, कारण भराभर उठण्यासारखी परिस्थिती नव्हती.

"पहिलवान, गाडी घ्या बाजूला."

"तोंडी हुकूम चालत नाही साहेब. तुम्हीच शिकवलंय. लेखी द्या."

पंप जवळ येत होता. साहेबांनी खिशातून पेन काढलं, तिकीट उलटं केलं आणि दांड्याला टेकून, डावीकडे उजवीकडे हेलकावत, लिहिलं. 'दहा मिनिटांचा थांबा मंजूर. कारण समाधानकारक.' खाली सही केली आणि सवयीने वेळही घातली. पहिलवानाने तिकीट वाचलं, वरच्या खिशात ठेवलं आणि गाडी अशी सफाईने पंपात घेतली की तो रोजचा रस्ता होता हे आंधळ्यालाही कळलं असतं.

सगळे उतरले. पुरुषांची रांग लागली. साहेब आपोआप पुढे सरकत होते, तोच टाय घातलेले गृहस्थ म्हणाले, "नियम करणारे शेवटी." रांगेतून हसू उसळलं आणि साहेब मुकाट्याने शेवटी जाऊन उभे राहिले. पुढे अकरा माणसं होती. त्यांनी डोळे मिटले, आवळलं आणि मोजायला लागले. फलाट एक, फलाट दोन, फलाट तीन. चौथ्या फलाटाशी त्यांना जाणवलं की घाई नाही. आली होती तशी निघून गेली होती. ती मुलगी अगदी हेच म्हणाली होती. त्यांनी डोळे उघडले. रांगेत मागून एक म्हातारेबुवा काठी टेकत आले, तेव्हा साहेबांनी बाजूला होऊन म्हटलं, "या, तुम्ही आधी. मला घाई नाही." हे वाक्य उच्चारताना त्यांना जे सुख झालं ते पगारवाढीलाही झालं नव्हतं.

आपली पाळी आटोपून, हात धुऊन, कोरडेठाक ते बाहेर आले तेव्हा पहिलवान टायरला टेकून उभा होता.

"रोज थांबता?" साहेबांनी विचारलं.

"सात वर्षं."

"आणि रोज वेळेवर पोचता. एकही उशीर नाही नोंदीत. मला वाटत होतं माझं वेळापत्रक चोख आहे."

"चोखच आहे साहेब. पूल व्हायच्या आधी इथे रेल्वेचं फाटक होतं ना, त्याची दहा मिनिटं तुम्ही धरली होती. फाटक गेलं. दहा मिनिटं काढायची तुम्ही विसरलात." पहिलवानाने टायरला हलकी लाथ मारली. "आम्ही म्हटलं, साहेबांना कशाला आठवण करायची. आपणच वापरू."

एकतीस वर्षांच्या नोकरीतली ही सर्वांत मोठी चूक, आणि ती समोरचा माणूस पेट्रोलपंपावर उभा राहून सांगत होता. साहेबांचं तोंड उघडलं ते रागवायला. पण आतून भलतंच वर आलं. ते हसायला लागले. नेहमीसारखं ओठांतल्या ओठांत नाही, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पत्नी घाबरून पिशवी उघडत धावत आली. साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी खाली पाहिलं, तिनेही पाहिलं. काही झालं नव्हतं. मग तीही हसत सुटली, आणि परतीच्या वाटेवर तिने सहा आठवड्यांच्या साठलेल्या शाळेतल्या सगळ्या गमती एकापाठोपाठ एक सांगून टाकल्या.

फिटनेस सर्टिफिकेट मिळालं. साहेब केबिनमध्ये परत गेले, आणि हेडक्लार्कनी छत्र्यांसाठी दुसरा माणूस शोधला. पण थांबा तिकिटाच्या मागे लिहून भागत नाही. वेळापत्रक बदलायला समिती लागते. हेडक्लार्कनी बजावलं होतं, "नाही होणार मंजूर. सहा जण आहेत, सगळ्यांना शंका असतात. मागचा विषय तीन बैठका चालला."

"विषयपत्रिका कोण लावतं?" साहेबांनी विचारलं.

"वेळेचा प्रश्न आला की तुम्हीच."

साहेबांनी लावली. बैठक बरोबर दहाला. विषय एकूण अकरा. पावणेअकराला चहा, साडेअकराला पुन्हा चहा, मधे पाण्याचे जग. 'थेट गाडीस दहा मिनिटांचा थांबा व केबिन नियंत्रकास दर दीड तासाने बदली माणूस' हा विषय क्रमांक अकरा, बारा वाजून दहा मिनिटांनी.

बारा वाजता अध्यक्षांनी पाय एकावर एक टाकले. बारा वाजून पाच मिनिटांनी ते काढून दुसऱ्या बाजूने टाकले. हिशेब तपासनिसांनी खुर्ची मागे ढकलून ठेवली. साहेब शांतपणे उठले, कागद समोर ठेवला आणि रेल्वेच्या फाटकापासून सविस्तर सुरुवात केली.

"फाटक राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "मुद्दा काय?"

"मुद्दा असा, की माणसाला सलग दोन तासांपेक्षा जास्त..."

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

"कुणाला काही शंका?" साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं.

कुणालाच नव्हती. सहा सह्या एका मिनिटाच्या आत झाल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं होतं, अठ्ठेचाळीस सेकंद. मग खुर्च्या सरकल्या आणि समितीचे सहाही सन्माननीय सदस्य व्हरांड्यातून जवळजवळ पळतच गेले.

मिनिटसाहेबांनी कागदावरची शाई वाळू दिली. कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात एक शब्द लिहिला, 'समाधानकारक', फाईल बांधली, पेनाला टोपण लावलं आणि मग सावकाश चालत जाऊन रांगेत शेवटी उभे राहिले.